नुसतं थांबायचा गट

…आणि माझ्या वाट्याला गट कोणता आला म्हणता? थांबण्याचा. हो, असाही गट असतो. तुम्हाला सांगते, कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, सगळे म्हणाले सुलक्षणा सुटली, पण डोक्यात जे धुकं बसलं ते काही हलेना. बत्तीस वर्षं सोनगीरला ब्लाउज शिवतेय मी, आणि एका नवरीला दोन्ही बाह्या डाव्या लावून दिल्या. मायलेकी नुसत्या माझ्याकडे दयेने पाहत राहिल्या… त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं. त्या दिवशी मशीनवर कव्हर घातलं. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठं भुली जास व तू." सगळं विसरते म्हणे मी. त्या ऐंशीच्या, त्यांना सगळं आठवतं, माझ्या लग्नातल्या रुसव्यांसकट.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, या विसराळूपणावर कोणता उपाय चालतो ते आम्ही तपासतोय, नाव घाला. घातलं. कॉम्प्युटरने चिठ्ठ्या काढल्या. एका गटाला टॅबवर मेंदूचे खेळ, दुसऱ्याला चालणं नि योगासनं, तिसऱ्याला काहीच नाही. "काहीच नाही म्हणजे?" तर तिथली चारुलता, माझ्या लेकीच्या वयाची, गोड आवाजात म्हणते, "काकू, तुम्ही सहा महिने फक्त थांबायचं. बाकीच्यांची तुलना तुमच्याशी करायची ना." म्हणजे न सुधारलेला नमुना मी. बरं, थांबले.

आमचे हे, भाईदास, यांना थांबणं ठाऊक नाही. बदाम आणले, ब्राह्मीचं तेल आणलं. तेवढ्यात चारुलताचा फोन, "काकू, नवीन काही सुरू करू नका हं, अभ्यास बिघडेल." बदाम यांनीच खाल्ले. मी थांबले.

पण थांबून माणूस करणार काय? शेवटी मशीनवरचं कव्हर काढलं. पूर्वी पाठ असायची ती मापं वहीत लिहायला लागले. शिवताना मोठ्याने बोलायला लागले, "सुलक्षणा, ही डावी बाही, ही उजवी." गिऱ्हाइकांना वाटलं, आता पुरतीच गेली. दुपारी थकले की सरळ झोपले. आणि एक दिवस तीच नवरी आली, डोहाळजेवणाचं कापड घेऊन. म्हटलं, "भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाचा अंगाला बसतच नाही हो." मी टेप घेतला नि वहीचं नवं पान उघडलं…

सहा महिन्यांनी परीक्षा. चारुलता पंधरा शब्द वाचते, आपण परत म्हणायचे. नाव घातलं तेव्हा पाच आले होते, आता अकरा. शेजारच्या मोहिनीताई खेळांच्या गटातल्या, टॅबवर साठाव्या पायरीला पोचलेल्या, त्यांना आठ. डॉक्टरांनी चष्मा काढला. "सुलक्षणाताई, तुम्ही काय केलंत?"

"थांबले."

"नाही, खरं सांगा."

मग वही सांगितली, बडबड सांगितली, झोप सांगितली. त्यांनी लिहून घेतलं, वर म्हणाले, एका बाईवरून काही ठरत नसतं, सगळ्यांचं मोजू तेव्हा कळेल. तेही खरंच. आणि जाता जाता म्हणाले, "खुशखबर, थांबलेल्यांनाही आता उपचार मिळणार. सोमवारी टॅब घेऊन जा."

तुम्हाला सांगते, चांगली बरी होत होते मी… पण कागदावर सही केलीय ना. सोमवारपासून उपचार सुरू. बघू, त्यातून कितपत वाचते.