दोनशे तेरा नंबरचा फोटो

जबाब देणार: वहीवाला (याच नावाने सगळे ओळखतात), वय 23 वर्षे, शिक्षण आठवी, काम फोटोंच्या नोंदी ठेवणे, राहणार मावसभावाच्या स्टुडिओमागील खोली.

मी या गावच्या पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून स्वतःच्या अक्षरात लिहून देतो की,

आज दिनांक 14 मार्च 2023, मंगळवार, सकाळी 9 वाजून 10 मिनिटांनी मी खोलीत पाकिटांवर पत्ते लिहीत होतो. तेव्हा एक अनोळखी इसम आला. त्याच्या हातात माझ्या मावसभावाच्या नव्या पुस्तकातले फाडलेले पान होते. स्टुडिओचा पत्ता पुस्तकावर छापलेला आहे.

मावसभावाला मी दादा म्हणतो. तो गावोगाव फिरून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढतो. सांगून काढला की माणूस ताठ होतो, म्हणून तो न सांगता काढतो व पुढे जातो. अकरा महिने मी वीस पावले मागून चाललो. फोटोतल्या माणसाला मी विचारायचो. हो म्हणाला तर प्रत पाठवायला पत्ता घ्यायचा, नाही म्हणाला तर लाल फुली. फुलीचे फोटो दादा रोज संध्याकाळी माझ्यासमोर खोडायचा.

गेल्या वर्षी दिनांक 6 सप्टेंबर रोजी याच गावातील लाँड्रीच्या मागच्या पायरीवर इस्त्रीवाली ताई डोळे पुसत बसली होती. फोटो क्रमांक 212. ती म्हणाली, "नको रे भाऊ. मी कुठे आहे हे नवऱ्याला माहीत नाही. तसंच राहू दे." मी म्हणालो, "ताई, ही बघा फुली. आता हा फोटो नाही म्हणजे नाही." तिने वही हातात घेऊन फुली पाहिली.

212 त्या संध्याकाळी खोडला, हे मी पाहिले. पुढच्या माणसाच्या फोटोचा नंबर 214 होता. मधला कुठला, असे मी विचारले. दादा म्हणाला, "भिंत आहे रे मास्तर. भिंतीलाही विचारून येतोस का?" मीही हसलो. वहीत '213, भिंत' असे लिहिले.

इसमाने दाखवलेल्या पानावर मी वाकून फुली मारत आहे व ताई वर माझ्याकडे पाहत आहे. मागे लाँड्रीची पाटी वाचता येते. गाव लिहिलेले नाही. हा फोटो काढल्याचे मला माहीत नव्हते. मला विचारायला माझ्यामागे कोणी नव्हते.

इसम म्हणाला, "ही माझी बायको. गाव कोणतं?" मी वही मिटली. तो म्हणाला, "नको सांगू. दुकानाचं नाव आहे, गाव शोधायला कितीसा वेळ लागतो?"

9.40 वाजता मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुझा फोटो आहे तो. बाई शेजारी आली, त्याला मी काय करू?"

"दादा, ती नाही म्हणाली होती."

"तुला म्हणाली. मला कुठे?"

"मग वही कशाला होती?"

"वही होती म्हणून लोक गप्प बसले, मास्तर. नाहीतर चौकाचौकात मार खाल्ला असता."

मी 10.15 च्या बसने निघालो व 1.30 वाजता लाँड्रीत पोचलो. ताईला सांगितले. ती म्हणाली, "फुली तर माझ्यासमोर मारली होतीस." तिने हातातला शर्ट पूर्ण केला, घडी घातली, इस्त्री बंद केली व पिशवी घेऊन ती निघून गेली. 4.05 वाजता तो इसम आला. त्याने मालकाला मारहाण केली व काचेचे कपाट फोडले. मालकाच्या ओठाला तीन टाके पडले आहेत. माझी तक्रार त्या इसमाविरुद्ध व दादाविरुद्ध आहे.

ताई कुठे गेली हे मला माहीत आहे. जबाबाची प्रत आरोपीला मिळते, असे हवालदारसाहेबांनी सांगितल्यामुळे ते येथे लिहीत नाही.

वही जमा करत आहे. एकूण पाने 96. पान 41 वर ताईने जाताना सांगितलेला पत्ता होता, ते मी स्वतः फाडून जाळले आहे. ज्यांना प्रत कबूल केली ती माणसे 138, पोचलेली प्रत एकही नाही. पत्ते लिहिलेली पाकिटे 52 आहेत, ती परत मिळावीत.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी लिहिला तसाच व खरा आहे. वहीत 213 समोर लिहिले आहे ते खोटे आहे. अक्षर माझेच आहे.