नव्या वर्षाचा धूर

हॅलो?… हो आई, मीच. नवं वर्ष तुम्हा सगळ्यांना सुखाचं जावो… हळू बोलतेय, न्हाणीघरात आहे… नाही गं, भांडण नाही. पिन-यूला पुन्हा धाप लागलीय.

…सर्दी नाही आई. दोन वर्षं सर्दी-सर्दीच करत बसलो आपण. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं, मग औषध ओढायला दिलं, जरा वेळाने परत फुंकायला लावलं. दुसऱ्या वेळी केवढं फुंकलं पोरीने. म्हणाल्या, दमाच आहे… अगं, घाबरू नकोस. औषध नीट घेतलं तर पळेल, खेळेल. रोजचा पंप वेगळा, धाप लागली की निळा.

…दिला ना. दिला की उतरते. पण बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की छातीत पुन्हा शिट्टी… कशाने म्हणजे? उदबत्त्यांनी. पहाटेपासून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे धूर कोंडलाय, त्यात येणारा प्रत्येक पाहुणा आणखी लावतो… विचारलं होतं गं डॉक्टरीणबाईंनी, घरात धूर असतो का म्हणून. मी म्हटलं, छे, कुणी सिगारेट ओढत नाही. उदबत्तीला धूर कोण म्हणतं आपल्यात?

…सांगितलं सासूबाईंना. हात जोडून सांगितलं. तर पोरीला बरं वाटावं म्हणून त्यांनी आणखी तीन लावल्या… वाईट नाहीत गं त्या. तेच तर. वाईट असत्या तर भांडले असते… कुओ-तुंग? बायको बोलली की खिडकी उघडतो, आई बोलली की लावतो.

…हो, हो, पंपाने उतरलं नाही तर तडक हॉस्पिटलातच नेणार. पण आत्ता तिला नुसती स्वच्छ हवा हवीय. आई, ऐक ना… आम्ही तिकडे येऊ? तुझ्या मागच्या खोलीत?



…माहितीये, आज पहिला दिवस. सासरी गेलेली लेक उद्या येते, आज आली तर भावाची बरकत खाते. लहानपणापासून ऐकतेय… दादाने नवं दुकान टाकलंय, तेही माहितीये… वहिनी शेजारीच आहे का?… बरं.

…उद्यापर्यंत कळ काढू? मी काढेन गं, काढतेच आहे. तिने श्वास उद्या घ्यायचा का?

…रडू नकोस. ऐक. मी घरात येतच नाही. टॅक्सीतून उतरले की फाटकाबाहेरच बसेन, उद्या सकाळपर्यंत… असू दे थंडी. जाड कोट आहे. पण पिन-यू काही तुमची सासरी दिलेली लेक नाही ना? तिला तेवढी आत घे.

…विचार वहिनीला. थांबते मी.

…हं. बोल.

…बरं. पिन-यू आत, मी बाहेर. मग मला बसायला स्टूल फाटकाबाहेरच ठेव, घ्यायलासुद्धा मी आत हात घालणार नाही. निघालो आम्ही.