विलायतेचा निरोप्या

केशवराव: ...तर सांगायचं काय मावशी, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तुमच्या जानरावांचा चेहरा पांढराफटक! पाकीट गेलेलं. आता लंडनचं स्टेशन म्हणजे काही आपलं धामणगाव नव्हे. हजार माणूस इकडून, हजार तिकडून.

दुर्गाबाई: धामनगावाले नावं नका ठेवू. धामनगावातच बसून राहिले तुमी, माया घरात, माया खाटंवर. पुढं बोला.

केशवराव: पुढं काय राहिलं? नोटा त्यात, ट्रॅव्हलर चेक त्यात, परतीच्या जहाजाचं तिकीट त्यात. मी जहाजावर खानसामा. मराठीत कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं, म्हणून थांबलो. मला म्हणाले, केशवराव, तुम्ही मुंबईला उतरणारच, तेवढं माझ्या गावी जा. आईला म्हणावं, दीडशे रुपये पाठव. आई नाही म्हणायची नाही. म्हणून आलो. शनिवारी माझं जहाज परत सुटतं, मी नेऊन देतो.

मनकर्णा: आत्याबाई, जरा आत या.

दुर्गाबाई: तिथूनच बोल वं. दारामागं उभी राहून सारं आयकूनच राहिली तू. पाहुने, हे माई सून मनकर्णा. जान्याची बायको. काय म्हनतं?

मनकर्णा: माई पोत मोडा. होतीन दीडशे.

दुर्गाबाई: हात काढ गयावरून आधी. पोत मोडाले निंगाली! पाहुन्याले घरात येऊन चा नाई झाला अजून.

मनकर्णा: दिवाळीपासून चिठ्ठी नाई त्यायची. चैत सरला. खोटं असन त पोत जाईन, आत्याबाई. खरं असन त मानूस जाईन.

दुर्गाबाई: मले नको शिकवू. तुया नवरा हाय, त माया लेक हाय. दोन वर्सं झाली, सरकारनं शिकाले पाठवला, कापडाच्या गिरन्या पाहाले. तवापासून एक घास सुदा सुखानं... जाऊ दे. पाहुने, खिसा कोनता म्हनले?

केशवराव: डावा. आतला. काळजाजवळचा.

दुर्गाबाई: अन् सारं त्या एकाच खिशात?

केशवराव: सगळं. घाईत माणसाचं असंच होतं.

दुर्गाबाई: जायच्या आधी म्या त्याले बाजारात नेलं होतं. म्हनलं, चाल म्होरं, मी तुया खिसा मारते. हासला. म्हने, माय, तू? भज्याच्या गाडीवर उभा राहिला अन् पाच रुपये गेले. पत्ता नाई लागला साहेबाले. दुसऱ्या बाजारी या मनकर्णाले म्हनलं, आवाज दे त्याले. हे कायचा आवाज देते! बांगड्या वाजवल्या. त्यानं मान वयवली, इकडं खिसा साफ. तिसऱ्या बाजारी मातर माया हातच धरला. वरडला भर बाजारात, सापडली चोर!

मनकर्णा: हवालदार आला होता.

दुर्गाबाई: आला ना, पुंजाजी. डोये वटारून म्हने, बाई, कोनाचा खिसा मारला? म्हनलं, माया लेकाचा. काहून? म्हनलं, इलायतेले जाऊन राहिला म्हून. पुंजाजी त्या दिवसापासून मले सलाम ठोकते.

केशवराव: वा! हुशार आहात, मावशी.

दुर्गाबाई: हुशारीचं नाई. आमी पैसा उशिरा पाह्यला, म्हून संभायून ठेवतो. चेक बनियनाले शिवलेल्या खिशात. नंबराचा कागद पेटीत. चिल्लर वरच्या खिशात, चोरासाठी. चोराले काही भेटलं नाई त थो खोल धुंडते. असं घोकून घेतलं त्याच्याकून. मंग सारं एका पाकिटात कसं आलं?

केशवराव: शिकवलेलं विसरतो माणूस. परमुलूख...

दुर्गाबाई: विसरते. कबूल. पन त्या चेकचं म्या जान्याले तीनदा इचारलं होतं. एक सही बँकेत साहेबासमोर. दुसरी, पैसे हातात देनाऱ्यासमोर. दुसरी सही नाई तवर थो कागद भजे बांधाच्या कामाचा. अन् हापिसात जाऊन नंबर सांगतले का दुसरे देतेत. मंग दीडशे कायले पायजेत?

केशवराव: तोच तर घात झाला, मावशी! दुसरी सही त्यांनी आधीच करून ठेवली होती.

दुर्गाबाई: आधीच?

केशवराव: रांगेत वेळ जाऊ नये म्हणून. तिथं अशीच लूट चालते. एक येतो, अदबीनं पत्ता विचारतो. दुसरा कोटावर काहीतरी सांडतो. तिसरा ‘माफ करा, माफ करा’ म्हणत पुसायला लागतो. पुसून होईपर्यंत खिसा गेला.

मनकर्णा: हे होऊ शकते, आत्याबाई. त्यायले घाई राह्यतेच. जेवतानी सुदा अर्धी भाकर हातात घेऊन उठतेत.

दुर्गाबाई: थांब. मले आयकू दे. अंगावर कोट होता म्हनता? कसा होता?

केशवराव: जाड. काळा.

दुर्गाबाई: काया. हं. तब्येत?

केशवराव: थोडे उतरलेत. पण ठीक. डाव्या भुवईवर ती खूण आहे ना, ती जरा जास्त दिसते आता.

मनकर्णा: आत्याबाई! खून सांगतली त्यायनं. आता त घ्या पोत, हे पाहा काढली.

दुर्गाबाई: ...अजून काय म्हने थो? तुमच्याजवय काही बोलला असन.

केशवराव: बोलले ना. डोळ्यांत पाणी होतं हो. म्हणाले, आईला सांगा, काळजी करू नको. फक्त अमरावतीला जाऊन अंबादेवीला नारळ फोड. म्हणावं, लेकरावरचं संकट टळू दे, नवस फेडीन.

दुर्गाबाई: नारय.

केशवराव: हो. आणि ओटी.

दुर्गाबाई: मना, पोत गयात घाल. पाहुने, जरा मान वर करा. त्या भिंतीवर काय हाय?

केशवराव: फोटो आहेत.

दुर्गाबाई: कोनाचे?

केशवराव: ...भगवान बुद्धाचा. आणि बाबासाहेबांचा.

दुर्गाबाई: मघापासून तुमची नजर माया सुनेच्या गयावर. भिंतीवर गेलीच नाई. छप्पनसाली नागपूरले उभी होती मी, पांढरं लुगडं नेसून, अन् जान्या माया बाजूले. तवापासून या घरात नारय फुटते थो चटनीसाठी.

केशवराव: मावशी, मला वाटतं माझी जरा गफलत... मी निघतो. गाडी चुकेल.

दुर्गाबाई: बसा. पुंजाजी हवालदार बाजूच्याच घरात राह्यते. मी खोकली तरी येते थो.

केशवराव: नका बलावू जी. पाया पडतो. मी अकोल्याचा हावो. जहाज म्या फक्त चितरात पाह्यलं.

दुर्गाबाई: आता कशी घरची बोली निंगाली! इतक्या वक्ताचं ‘आहेत, होते’ चालू होतं. माया लेकाचं नाव कोनं सांगतलं तुले? त्या खुनेचं कोनं सांगतलं? सांग, नाई त देतेच आवाज.

केशवराव: तुमीच सांगतलं.

दुर्गाबाई: म्या?

केशवराव: परवा, टेसनावर. मुंबईची गाडी आली. मी उतरलो, माया हातात मोठी पेटी. तुमी आल्या. म्हनल्या, बापू, इलायतेहून आला काय? माया जानराव दिसला काय? उंच हाय, सावया हाय, डाव्या भुवईवर खून हाय, लहानपनी गवत कापतानी इया लागला. मी हो म्हनलं नाई, नाई म्हनलं नाई. तुमीच सांगत गेल्या.

दुर्गाबाई: खोटं. मले तुया चेहराच आठवत नाई.

केशवराव: तुमी चेहरा पाह्यतच नाई, मावशी. पेटी पाह्यता. चावाला म्हने, हे बाई रोज येते. मोठी पेटी दिसली का धरते मानसाले.

मनकर्णा: आत्याबाई? सांजच्याले तुमी त चक्कीवर जाता म्हनत होत्या. पीठ आनाले.

दुर्गाबाई: पीठ आनतेच ना मी!

मनकर्णा: दोघीचं घर. रोज कायचं पीठ लागते म्हनलं.

दुर्गाबाई: तू चूप राय. ...त्याले म्या बजावलं होतं. रस्त्यात कोनाले नाव सांगू नको. गाव सांगू नको. कोठी चालला, कोनाले भेटाले चालला, सांगू नको. गोड बोलनाऱ्याजवय बसू नको. अन् जो आपल्या बोलीत बोलन त्याले त दुरूनच जय भीम घाल, म्हनलं, काहून का मानूस सातासमुद्रापार असला का आपल्या बोलीले भुलते. अन् मी इथं, घरापासून चार पावलावर...

केशवराव: देता काय मले हवालदाराच्या हाती?

दुर्गाबाई: मना, भाकर टाक.

मनकर्णा: याले?

दुर्गाबाई: मंग कोनाले? अजून कोन आलं हाय इलायतेहून?

केशवराव: मले भूक नाई जी.

दुर्गाबाई: तुले पुसलं कोनं? बस. आता पुढचं सांग.

केशवराव: पुढचं कायचं?

दुर्गाबाई: समज दीडशे रुपये पडले तुया हातात. लगेच त पयता आलं नसतं. मी माय हावो, इचारलंच असतं ना, खाते काय, झोपते कोठी. तू काईतरी जमवूनच आला असशीन. थे सांग.

केशवराव: पन थे सारं खोटं हाय, मावशी.

दुर्गाबाई: खरं हाय काय तुयाजवय? नाई ना? मंग जे हाय थे वाढ.

केशवराव: ...थंडी लय हाय तिथं. सकाऊन उठले का तोंडातून वाफ निंगते. दोन्ही हात खिशात घालून चालतेत जानराव.

दुर्गाबाई: हातमोजे नाई घेतले?

केशवराव: घेतले. काये. पन एक हरपला. अन् खायाले आलू उकडतेत, वरून मीठ.

दुर्गाबाई: आलू नको सांगू. आलूले थो लहानपनापासून तोंड वाकडं करते. वांगे सांग.

केशवराव: वांगे महाग हायत तिथं.

दुर्गाबाई: असू दे महाग. सरकार पैसे देते त्याले.

केशवराव: मंग रविवारी वांगे घेतेत. एकच घेतेत, मोठं. चुलीच्या आरावर भाजाले जागा नाई, म्हून तव्यावरच परततेत.

दुर्गाबाई: तव्यावर भरीत! येडं पोट्टं. बरं. गिरनीत काय करते?

केशवराव: गिरनीत... एक दिवस कापसाची मोठी गाठ फोडली जी. साहेब म्हने, हा कोठचा कापूस? कोनालेच सांगता नाई आलं. जानरावनं मूठभर घेतला, नाकाशी धरला. म्हने, हा आमच्याकडचा. काया मातीतला.

दुर्गाबाई: वास येते काय कापसाले?

केशवराव: थे मले नाई मालूम. तुमी सांगा.

दुर्गाबाई: सरकी काढाच्या जिनात तीस वर्सं गेली माई. येते. ऊन लागलेल्या कापसाले येते. ...आपला कापूस याच टेसनातून जाये तिकडं. मी डोयानं पाह्यल्या गाठी, डबेच्या डबे. म्या म्हनलं, पोरगा त्याच वाटंनं चालला. पन कापूस निदान कापड होऊन वापस त ये.

मनकर्णा: भाकर घ्या. ठेचा हाय.

केशवराव: ठेवा तिथंच, वहिनी.

मनकर्णा: माह्यासाठी... काई म्हनले काय थे?

दुर्गाबाई: मना! चोर हाय हा.

मनकर्णा: मालूम हाय मले. खोटं तुमीच आयकाचं काय सारं?

केशवराव: वहिनी, थे तुमाले आवाज काय म्हनून देतेत?

मनकर्णा: आवाज नाई देत. मायसमोर नाव कसं घेतीन? दारात येऊन खाकरतेत. मंग मी पानी घेऊन जाते.

केशवराव: हं. ...मंग थे म्हनले, तिथं कितीही खाकरलं, तरी पानी घेऊन कोनी येत नाई.

दुर्गाबाई: झालं? पोट भरलं दोघायचं? मना, जा तू, चूल इझून राहिली. अन् तू खाय लवकर. नुसतं पाहू नको भाकरीकडं.

केशवराव: मावशी, ठेचा लय तिखट हाय हो तुमचा.

दुर्गाबाई: चोरासाठी साखर नाई टाकत आमी. झालं? ऊठ. या घरातून भाकरीच्या वरतं एक पैसा भेटनार नाई. अन् आयक. दुसऱ्या कोन्या मायच्या दारात हे सोंग नेलं त अकोल्यात येऊन तुये कान उपटीन. पुंजाजीले घेऊन येईन संगं.

केशवराव: नाई नेत जी. शपथ.

दुर्गाबाई: तुई शपथ ठेव तुयाजवय. ...अन् या बाजूनं कधी आलाच, त थंडी नको सांगू पुन्हा. ऊन पडलं म्हन.

केशवराव: बरं. येतो, मावशी.

(दारात पोचल्यावर ठेच्यानं घसा धरतो. केशवराव खाकरतो.)

मनकर्णा: आली जी!

दुर्गाबाई: मना...

मनकर्णा: ...पाहुना होता काय. मले वाटलं, तुमी आवाज दिला.

दुर्गाबाई: दे त्याले पानी. तांब्या भरलेलाच हाय तुया हातात.