चांगूला दुबईला पाठवताना

सन्माननीय अध्यक्ष दत्ताराम गुरुजी, व्यासपीठावर विराजमान सरपंच महिपतराव, ज्याला आज आपण निरोप देत आहोत तो माझा मित्र चांगू साळवी, समोर बसलेल्या त्याच्या मातोश्री कमळाकाकी, आणि या समाजमंदिरात दाटीवाटीनं जमलेल्या पोलादपूरकर बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम.

गुरुजींनी आत्ताच सांगितलं, चांगू दुबईच्या मोठ्या हॉटेलात 'अधिकारी' म्हणून निघाला आहे. शब्द त्यांनी जपून वापरला. खरं तर तो बारच्या काउंटरमागं उभा राहणार आहे. मला त्यात लाज वाटत नाही. पण तो तिथं पोहोचला कसा, हे सांगितल्याशिवाय हा निरोप पुरा होईल का?

आम्ही दोघं एकाच बँडमधले. मी ट्रंपेट, तो क्लॅरिनेट. उमरठपासून महाडपर्यंत लग्नं वाजवली. पाठवणीच्या वेळी त्यानं सूर लावला, की नवरीच्या आधी नवऱ्याची आई रडायची! चौऱ्याहत्तर साली आम्ही मुंबईतल्या एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात लागलो.

काकी घरून कोकमाचं आगळ पाठवायच्या. चांगूनं एकदा गंमत म्हणून त्यात जिन, मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून आम्हा वादकांना दिलं. मॅनेजरनंही घोट घेतला. नेमका तेव्हाच बार सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. मॅनेजर म्हणाला, "चार दिवस तू सांभाळ." त्या चार दिवसांची आठ वर्षं झाली, मंडळी.

काउंटर ऑर्केस्ट्राच्या अगदी समोर. याच्या जागी दुसराच कुणी वाजवायचा आणि हा पेयं घुसळत ऐकायचा. तिकडे सूर चुकला, की याची मान खाली. दर वर्षी मॅनेजरकडे जायचा. "साहेब, मला परत वाजवू द्या." उत्तर ठरलेलं. "क्लॅरिनेटवाले ढीगभर मिळतील. तुझ्यासारखा हात कुठं शोधू?" कौतुकानंही माणसाला कोंडता येतं, हे मी गावी परतण्याआधी डोळ्यांनी पाहिलं.

पुढं दुसऱ्या हॉटेलांतली माणसं त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. आज मुंबईत कितीतरी ठिकाणी त्याचा कोकम-मिरचीचा ग्लास मिळतो. ती माणसं त्याला उस्ताद म्हणतात. ज्या शब्दासाठी यानं क्लॅरिनेटवर ओठ झिजवले, तो शब्द मिळाला, पण काउंटरमागं. त्याच नावलौकिकावर आता दुबईच्या हॉटेलाचं बोलावणं आलं.

आज दुपारी हा बॅग भरत होता. मी विचारलं, "चांगू, मनापासून जायाचं हाय ना?"

"नाय रे," तो म्हणाला. "पण आयनं साऱ्या गावात सांगितलंय. लोकांनी हार आणलेत. आता नाय म्हणू कसा?"

चांगू, डोळे वटारू नकोस. माईक माझ्याकडे आहे.

काकी, तुम्ही का उठलात? जरा शांत राहा, मंडळी, मागं ऐकू जात नाही. काकी म्हणतात, "मी कदी जा म्हटलं? त्यालाच जायाचं हाय असं वाटलं, म्हणून हसत गावभर सांगत फिरले. घरात रडत होते."

चांगू... अरे, हार कशाला काढतोस? इथं राहणाऱ्यालाही तो शोभतो.

गुरुजी, सत्कारमूर्ती व्यासपीठावरून उतरून आईशेजारी सतरंजीवर बसले आहेत. मला वाटतं, त्यांचं भाषण झालं.

आपण ऐकून घेतलंत, मी सर्वांचा आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर उदार मनानं सांभाळून घ्या. आणि सकाळच्या मुंबईच्या एसटीत चांगूसाठी जागा धरायला कुणी जाऊ नका.

जय भीम.