पायावरचा भार

इंदिरानगरातल्या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेला नवनाथ, वेदनेइतके एकाकी या जगात काहीच नसते, अशा उदात्त निष्कर्षाला पोहोचत होता. तेवढ्यात शेजारच्या बाकावर वणीच्या बायडाबाई आणि पेशींवर संशोधन करणारी त्यांची नात सृष्टी यांची जुंपली.

“आजी, आज पायावर भार टाकला नाहीस तर कायमची खाटेला खिळशील. डॉक्टरांनी बजावलंय.”

“हाड आता कुठं जुळलंय, अन् भार टाक म्हणं! पुन्हा मोडलं मंग?”

“नाही मोडत. उलट भारानंच ते भक्कम होईल. हाडातली पेशी ताणली गेली, की तो ताण तिच्या पार गाभ्यातल्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. तिथं मिटून पडलेली जनुकं उघडतात आणि कामाला लागतात.”

“दाबल्यावर उघडतं का? मला सासूनं तीस वर्षं दाबलं. तव्हा काय उघडलं?”

“तोंड.”

“लय शहाणी! अन् दाब मिळतोच की मला. तुझी आई रोज तासभर माझे पाय चेपते.”

“त्यानं आईच्या मनगटांची हाडं भक्कम होतात. जोर ती लावते, तू नुसती पडून असतेस.”

“म्हंजी माझ्या पायांच्या जिवावर सूनच दणकट व्हतीया?”

“होय.”

“काठी दे इकडं.”

“थांब, धरते तुला.”

“हात नको लावू! तुझी बी हाडं भक्कम व्हायची.”