विहीणबाईंच्या पिशवीतला डबा

हॅलो?… हां, ताई, बोल… नाही गं, मी हळू बोलतेय, तू मोठ्यानं बोल. विहीणबाई बाहेर बसल्यात… हो, आत्ताच आले दोघं. मी स्वयंपाकघरात.

केलेत… हो, मुरुक्कूच, त्यांच्याकडची चकली. मीच केलेत!… नाही आणले विकतचे. काल दहादा सांगितलंस, ऐकलं, पण नाही आणले. सून दक्षिणेकडची केली, तर तिच्या माहेरचा एक जिन्नस मला जमू नये म्हणजे काय!

हसू नकोस. तुला हसायला काय जातंय? विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या, माझा मुरुक्कू चावला आणि डॉक्टरनं दाढेवर बसवलेली टोपी निघाली, ती हातात घेऊन परत गेल्या… हो, तीच टोपी. तेव्हापासून येताना स्वतःचा डबा आणतात. गोड हसून म्हणतात, ‘पोरीसाठी आणलाय,’ आणि ठेवतात टेबलावर मधोमध. माझी ताटली बाजूला. आमचे हेसुद्धा त्याच डब्यात हात घालतात! घरभेदी कुठले!

आजही आणलाय ना… दारातच दिसलं, पिशवीतून झाकण डोकावत होतं. आज तो डबा पुन्हा टेबलावर आला ना ताई, तर मी सोऱ्या माळ्यावर टाकणार. कायमचा.

काय चुकत होतं?… अगं, ऐक ना! आपला हात चकलीचा. डाळी खमंग भाजायच्या, पाणी उकळतं घालायचं, वर कडकडीत मोहन. आईनं शिकवलं तस्संच. आणि विहीणबाईंकडचं निराळंच! तांदळाचं पीठ न भाजता घ्यायचं, उडदाची डाळ नुसती वास सुटेपर्यंत परतून दळायची, लोणी पिठाला चोळायचं आणि पाणी साधं… साधं गं, नळाचं! मी आपली दर वेळी पिठाची उकड काढतेय आणि वर विचारतेय, दगड का होतोय!

कुणी सांगणार? सूनबाईनं. काल. उकळत्या पाण्याचं पातेलं उचललं, तर पटकन हात धरला माझा. ‘आई, पाणी गार घ्या.’… बस, एवढंच. म्हटलं, अगं मुली, इतके महिने मूग गिळून बसली होतीस? तर म्हणते, सासूला कसं सांगायचं!… हो ना. मग म्हटलं, आता सांगच सगळं. शेजारी उभी राहिली. ‘बुडबुडे शांत होईपर्यंत झारा लावू नका.’ नाही लावला. पहिला घाणा असा हलका उतरला म्हणून सांगू!

थांब… थांब, सूनबाई ताटली घेऊन बाहेर गेली. ताई, एक शब्द बोलू नकोस. फोन दाराशी धरते.

…

ऐकलंस? कुर्रकन!… ऐकलंस ना?… नाही, कुणी ओरडलं नाही. दाढ शाबूत आहे!… दुसरा घेतला! ताई, त्यांनी दुसरा घेतला! व्याह्यांनीही… आमच्या ह्यांचं सोड, ते दगडही खातात, तेवढं कबूल करायला हवं.

अगं बाई… उठल्या. इकडेच येतायत. पिशवी घेऊन… डबा काढला गं. मेले मी. काढला डबा.

या ना, या… नाही हो, बहीण आहे माझी फोनवर… काय म्हणालात?… अं?

…

ताई… आहेस ना? डबा रिकामा आहे… अगं, रिकामा! घरूनच रिकामा आणलाय. सूनबाईनं काल आईला फोन केला म्हणे, ‘या वेळी काही करू नकोस. डबा रिकामा आण, सासूबाई भरून देतील.’… माझ्या सुनेनं, ताई! मला पत्ताच नाही. मी मघापासून त्या झाकणाला घाबरतेय!

हो, रडतेय. रडतेय तर रडतेय… विहीणबाईही हसतायत माझ्याकडे बघून. हसू देत.

तुला? ठेवते गं तुलाही, पण आधी हा डबा. काठोकाठ भरणार. झाकण दाबून लावायला लागेल इतका… तुटतील? तुटू देत की! खुसखुशीत आहेत म्हणून तुटतात, ताई. माझे आधीचे कधी तुटले होते का?… ठेव आता. घाणा टाकायचाय मला.