एकदाच चुकलेला पिन

माझ्यासमोर नीटनेटकेपणाचं कौतुक करू नका बाबा, मला अजून घाम फुटतो. स्मार्ट कार्ड संगणकाला जोडणारा एक ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आहे, सी भाषेत लिहिलेला, सगळ्यांसाठी खुला. त्याच्या कोडची साफसफाई मी घरी बसून करतो. कार्डानं उत्तर दिलं नाही तर परत विचारायचं, एवढ्यासाठी त्यात वीस ठिकाणी त्याच त्याच ओळी होत्या. त्या गोळा करून मी एकच फंक्शन केलं: काहीही चुकलं, की आपोआप तीनदा प्रयत्न. किती सुटसुटीत!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वकीलकाकांच्या संगणकावर तो सुधारलेला ड्रायव्हर बसवून दिला. त्यांना त्यांच्या डिजिटल सहीच्या कार्डानं अपील पाठवायचं होतं आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. काकांनी पिन टाकला. कार्ड बंद!

"एनप्पा हे? हे काय झालं? तीनदा चुकलं तर कार्ड बंद होतं. मी एकदाच चुकलो की!"

"तुम्ही एकदाच चुकलात, काका," मी कसाबसा म्हणालो. "तोच चुकीचा पिन ड्रायव्हरनं आणखी दोनदा पाठवला."

"मला न विचारता?"

"हो. मदत म्हणून."

वकीलपत्रावर त्यांच्या ज्युनिअरचंही नाव होतं म्हणून बरं. फोनवर फोन करून तिला कमरीपेठेतून बोलावलं, तेव्हा कुठे तिच्या कार्डानं अपील गेलं. मग काका माझ्याकडे वळले.

"हे लिहिणाऱ्या शहाण्याचं नाव-पत्ता दे. नोटीसच पाठवतो त्याला."

मी मान खाली घालून म्हणालो, "पोस्टानं कशाला काका, हातातच द्या."